विहीणबाईंना मेल

चौतीस वर्षं दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपात
मी इंग्रजी लिहिलं, पण ते वरच्यांना.
विथ रेफरन्स टु. आय ॲम डायरेक्टेड टु.
गिअरबॉक्स नग चार, मागणी प्रलंबित.
इंग्रजीत मी कधी हसलो नव्हतो.

आता ॲबर्डीनहून विहीणबाई लिहितात: हाय दत्ता!
नुसतं दत्ता, पुढे उद्गारचिन्ह,
जसा काही मी बोपोडीच्या चौकात दिसलो
आणि त्यांनी पलीकडून हात केला.
कुत्र्याच्या पंजात काच गेली,
शेजारणीनं कुंपण रंगवलं, रंग भयंकर आहे,
ड्यूगल चष्मा शोधतोय, चष्मा त्याच्या डोक्यावर आहे.
एवढंच. काम काही नाही.
बिनकामाचं पत्र इंग्रजीतूनही येतं
हे मला एकसष्टाव्या वर्षी कळलं.

थोरलीच्या सासूबाईंशी मी बारा वर्षांत
‘चहा घ्या ना’च्या पुढे गेलेलो नाही.
मधे मानपान, मधे अहेराची साडी, तिचा तो काठ.
आणि इथे यू.
साहेबाला यू, कुत्र्याला यू, मला यू.

पहिलं उत्तर लिहिलं:
रिस्पेक्टेड मॅडम, आय ॲम इन रिसीट ऑफ युअर मेल
अँड हॅव नोटेड द कन्टेन्ट्स रिगार्डिंग डॉग.
आसावरी फोनवर हसून हसून रडली.
बाबा, मॅडम काढा. रिसीट काढा.
काइंडली तर आधी काढा, सहा वेळा आलंय.
आणि डू नॉट नको, डोन्ट लिहा.
म्हटलं, शब्द असा मोडायचा?
म्हणाली, भाकरी काय सुरीनं कापता?

मग शिकलो. स्वल्पविरामाचं पिल्लू
अक्षरांच्या वर टांगायला शिकलो.
कळवलं की मुळेवर जलपर्णी माजलीय,
पुलावरून क्रिकेटचं मैदान वाटतं,
फक्त फिल्डिंगला बगळे.
त्यांनी उलट टपाली नुसतं ‘हा हा’ लिहिलं
आणि मी ते दिवसभरात चारदा उघडलं.

शेवटी लव्ह लिहायचं असतं म्हणे.
तिथे मी अडलो.
लोभ असावा म्हणून आपण व्याह्यांनाही लिहितो,
कुणी लाजत नाही. पण हा शब्द
मी सुमनलाही कधी दिला नव्हता.
वॉर्म रिगार्ड्सवर भागवलं. कोमट का होईना.

मार्चमध्ये मेल आली. उद्गारचिन्ह नव्हतं.
दत्ता, ड्यूगल मंगळवारी गेला.
मी अजून दोन कप काढते.

बोटं आपोआप चालू लागली:
इट इज विथ प्रोफाउंड...
खुंटीवरचा जुना गणवेश, अंगात बसतोच.
पुसलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं.
खाली पोळीवाल्या मावशी बेल वाजवून गेल्या.

इंग्रजीत मला कुणी ओळखत नाही.
ना वर्कशॉपातलं कुणी, ना भावकी,
ना ‘खळदकर खंबीर आहेत हो’ म्हणणारे सोसायटीतले.
म्हणून लिहिता आलं असेल:
मॉइरा, मी अजून दोघांच्या मापानं भात लावतो.
नऊ वर्षं झाली.
उरलेला सकाळी फोडणीला टाकतो.
इट्स नॉट बॅड.
आज गुरुवार, आमच्याकडे पाणी बंद.
बादल्या कालच भरल्यात.
काइंडली ईट समथिंग.

पाठवायच्या आधी आसावरीला वाचून दाखवलं.
भाताचं तिलाही माहीत नव्हतं.
काइंडलीपाशी मी थांबलो, ती काढा म्हणेल म्हणून.
पलीकडे बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाली, राहू दे बाबा.

सेंड दाबलं.
नंतर बघतो तर खाली लव्ह नाही, रिगार्ड्स नाहीत,
माझं नावसुद्धा लिहायचं राहून गेलेलं.